सातमाळ्याचा कान

चांदवडहून पश्चिमेकडे पाहिलं की सातमाळा रांग एकामागे एक किल्ले मांडत जाते: राजधेर, इंद्राई, कांचना, धोडप. पुढे मार्कंड्या डोंगर लागतो आणि त्याच्या समोर, मधल्या दरीपलीकडे, सप्तशृंगगड. गडावरची देवी अठरा हातांची, कड्यात कोरलेली, आठेक फूट उंच, २०२२ पर्यंत शेंदराने माखलेली. तिची मान किंचित कललेली आहे. यामागची कथा कळवण-दिंडोरीकडे कुणीही सांगेल. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत होते. दरीपलीकडून येणारा शब्द नीट कानी पडावा म्हणून देवीने मान कलती केली, ती तशीच राहिली.

धर्मकथांमध्ये देव सहसा बोलतात. कंस बहिणीचा रथ हाकत असताना आकाशातून वाणी होते, सिनाई पर्वतावर मोशेला आज्ञा मिळतात, हिराच्या गुहेत पैगंबरांना पठणाचा आदेश येतो. गीतेत कृष्ण बोलतो आणि अर्जुन मधूनमधून शंका विचारत बाकी वेळ ऐकतो. वरच्याने बोलायचं, खालच्याने ऐकायचं, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती वाटणी आहे हेही लक्षात येत नाही. सातमाळ्यातली कथा ती उलटी करते. इथे बोलणारा ऋषी असला तरी माणूस आहे, आणि मान कलती करण्याचे कष्ट देवीला पडले आहेत.

तर मग ऐकणं हे काम कुणाचं? भक्ताचं की देवाचं, शिष्याचं की गुरूचं, रयतेचं की राजाचं? प्रश्न देवळातला वाटतो. पण भारतात गेली सत्तर वर्षं तो रेडिओच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा पुढे आला आहे, आणि त्याचं एक महत्त्वाचं उत्तर ज्या खेड्यांतून मिळालं त्यांत नाशिक जिल्ह्यातलीही खेडी होती.

आपल्या परंपरेने श्रवणाला मोठा मान दिला, हे खरं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की आत्म्याचं श्रवण करावं, मनन करावं, निदिध्यासन करावं. भागवताच्या नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. नाशिकजवळच्या टाकळीत बारा वर्षं तप केलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाचा चौथा दशक याच नऊ भक्तींना दिला आणि त्याचा पहिला समास श्रवणाला. श्रवणाला मान मिळाला, पण ऐकणाऱ्याला मिळाला का? तो कायम खाली बसलेला. आणि खाली बसायला मिळणं हीसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट नव्हती.

जिथे विद्या मुखातून कानात जाते तिथे पहाराही कानावरच बसतो. गौतमाच्या धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शूद्राला वेदाधिकार नाही हे सांगताना याच वचनाचा आधार घेतला. ही शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा झाली यावर वाद घालता येईल, पण ती लिहून ठेवावीशी वाटली एवढंही पुरेसं बोलकं आहे. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरांनी या पहाऱ्याला जे उत्तर दिलं ते मराठी विचाराच्या इतिहासातलं सगळ्यात धारदार उत्तर असावं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते वेदाला कृपण म्हणतात, कारण तो फक्त तीन वर्णांच्या कानाशी लागला. स्त्रिया आणि शूद्र वंचित राहिले, ही उणीव भरून काढायला वेद गीतेच्या रूपाने पुन्हा आला, अशी त्यांची मांडणी आहे. वेदाला थेट कंजूष ठरवायला आजही कुणी सहज धजावणार नाही.

मात्र कान उघडले म्हणजे बोलणं ऐकलं गेलं असं होत नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. मागणी साधी होती, दार बंदच राहिलं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं ते येवल्यात. चांदवडहून मनमाड ओलांडलं की येवलाच लागतं. या घोषणेकडे राजकारण म्हणून पाहिलं जातं, समाजशास्त्र म्हणून पाहिलं जातं. ती ईश्वरविषयक भूमिकाही होती. जो धर्म ऐकायला मान वळवत नाही त्याच्याशी असलेलं नातं माणूस तोडू शकतो, असं ती सांगत होती.

आता १९५६ साल. त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. त्यांतल्या दीडशे गावांत श्रोतृमंडळं स्थापन झाली. प्रत्येक मंडळात जास्तीत जास्त वीसेक माणसं, एक अध्यक्ष आणि एक लिहिता-वाचता येणारा चिटणीस. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास कार्यक्रम लागायचा. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे. खरी गंमत रेडिओ बंद केल्यावर सुरू व्हायची. ऐकलेल्यावर मंडळाने चर्चा करायची, चिटणिसाने ती टिपायची, शंका आणि तक्रारी टपालाने पुण्याला पाठवायच्या आणि पुण्याने पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरं द्यायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्रिपदी ब्रीद होतं. याज्ञवल्क्यांच्या श्रवण, मनन, निदिध्यासनाशी ते किती जुळतं हे मुद्दाम सांगायला नको. योजना कॅनडातल्या शेतकरी मंडळांवरून उचललेली होती, तरीही.

या प्रयोगाचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होता आणि त्याची धुरा पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाकडे. हे नाव तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ओळखीचं वाटेल, कारण पॉल हा व्हिएन्ना वर्तुळातल्या ऑटो नॉयराथचा मुलगा. बापाने एकीकडे पडताळून न पाहता येणाऱ्या विधानांना तत्त्वज्ञानाबाहेर काढण्याचा हट्ट धरला, तर दुसरीकडे कामगारांना आकडेवारी कळावी म्हणून चित्रांची भाषा तयार केली. मुलगा १९३८-३९ मध्ये दाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून जिवंत सुटला आणि अमेरिकेला गेला. जिथे फक्त हुकूम ऐकायचा असतो अशा जागी राहून आलेला माणूस मराठी खेड्यांतले लोक रेडिओ ऐकून काय बोलतात हे मोजायला बसला होता. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे हिंदीतले नाटककार, ‘कोणार्क’चे लेखक. दोघांनी मिळून लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला.

अहवालातला निष्कर्ष असा. श्रोतृमंडळं असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली होती: रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांचं ज्ञान लक्षणीय वाढलं. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं तिथे वाढ अगदी थोडी झाली. आवाज तोच, संच तसाच, हवाही तीच. फरक एवढाच की एका ठिकाणी ऐकणाऱ्यांना बोलायला जागा होती आणि पलीकडे त्यांचं बोलणं ऐकायला कुणीतरी बसलेलं होतं. अहवालात आणखी एक निरीक्षण आहे, ते पुढाऱ्यांना फारसं रुचलं नसावं. ही मंडळं पाहता पाहता गावात निर्णय घेऊ लागली, आणि काही कामं निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा लवकर मार्गी लावू लागली.

योगायोग असा की त्याच वर्षी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे गाडगेबाबांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. डिसेंबरात बाबा गेले. ते कीर्तन आज ऐकलं तर पहिल्यांदा जाणवतो तो आशय नव्हे, श्रोत्यांचा आवाज. बाबा प्रश्न विचारतात, लोकांकडून उत्तर काढून घेतात, मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचतात. सॉक्रेटिसची आठवण काढण्याचा मोह अनेकांना होतो. ती तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, कारण सॉक्रेटिसला समोरच्याला अडकवण्यात रस होता आणि बाबांना त्याला सोडवण्यात. पण एक गोष्ट दोघांकडे सारखी होती. उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१९५९ पासून शेतकरी मंडळांची योजना देशभर नेली गेली. पुढे ती हळूहळू विरली. रेडिओ राहिला, संच वाढले, ट्रान्झिस्टर बांधावर आणि गोठ्यात पोचला. परतीच्या टपालाची व्यवस्था मात्र रेडिओच्या कामाचा कणा राहिली नाही. ही एकतर्फी वाट तशी जुनीच होती. महात्मा गांधी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलायला. त्या यंत्रात त्यांना ईश्वरी शक्तीचा चमत्कार दिसला. चमत्कार होताच, पण एकाच दिशेचा. बापूंचा आवाज छावणीत पोचला, छावणीतलं रडणं दिल्लीच्या त्या खोलीत पोचलं नाही.

मंडळं विरल्यानंतरचा टप्पा न्यायालयात पार पडला, तोही क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार भांडले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाश कुणाचं, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी दोन हजार वर्षं खल केला. कायद्याने उत्तर द्यायला क्रिकेटचा सामना लागला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना छोटी केंद्रं चालवायची मुभा मिळाली, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही. कम्युनिटी रेडिओ म्हणतात तो हा.

खल दोन हजार वर्षांचा कसा, ते चांदवडमध्येच बसून सांगता येतं. न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. तो पसरतो कसा, यावर त्यांच्यात दोन मतं होती. एक वीचीतरंग न्याय: तळ्यात दगड टाकल्यावर लाटेतून लाट निघते तसा. दुसरा कदंबगोलक न्याय: कदंबाच्या फुलाचे केसर एकाच वेळी सगळीकडे फुटावेत तसा. मीमांसकांना शब्द नित्य हवा होता, कारण वेद नित्य ठरवायचा होता. जैनांनी या सगळ्यांना बाजूला सारून सांगितलं की शब्द हा गुण नव्हे, ते पुद्गल आहे, म्हणजे जड द्रव्याचं एक रूप. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात तसं स्पष्ट आहे. चांदवडच्या डोंगरात जैन लेणी आहेत, आणि गावात १९२८ पासून नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची शिक्षणसंस्था आहे, म्हणून हे मत इथे परकं नाही. पंडितांनी एवढं मात्र ध्यानात घ्यावं की रेडिओतून जातो तो शब्द नसतो. ती विद्युत्चुंबकीय लहर असते, तिला हवा लागत नाही. शब्द पुन्हा शब्द होतो तो संचातल्या कर्ण्यात. विज्ञानालाही एके काळी या लहरींसाठी ईथर नावाचं आकाश लागत होतं. १८८७ च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगाने ते डळमळीत केलं आणि १९०५ मध्ये आइनस्टाइनने ते अनावश्यक ठरवलं.

जैन परंपरेकडे यापेक्षा मोलाची आणखी एक गोष्ट आहे. तीर्थंकराला केवलज्ञान झालं की समवसरण रचलं जातं. ती गोल आकाराची सभा. मध्यभागी तीर्थंकर, चारी दिशांना त्यांचं मुख दिसतं. भोवतीच्या बारा कोठ्यांत देव, साधू, साध्वी, माणसं आणि पशुपक्षी. वाघाशेजारी हरीण. आणि दिव्यध्वनी असा की प्रत्येकाला तो आपापल्या भाषेत कळतो. प्रसारणाचं इतकं भव्य स्वप्न दुसऱ्या कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. १९३१ मध्ये मार्कोनीने उभारून दिलेल्या केंद्रावरून पोप अकरावे पायस साऱ्या सृष्टीला उद्देशून बोलले, पण लॅटिनमध्ये. समवसरणात भाषांतराचं ओझं ऐकणाऱ्यावर पडत नाही, ते ध्वनीच उचलतो. सुरगाण्यातल्या कोकणा आजीला प्रमाण मराठीत सिकलसेल समजावणाऱ्या माणसाने या कल्पनेशी जरा वेळ थांबावं.

पण समवसरणातही बोलणारा एकच आहे.

सातमाळ्यासारख्या मुलखात कम्युनिटी रेडिओ चालवायचा तर सगळ्यात आधी डोंगर आडवा येतो. नियमाप्रमाणे ट्रान्समीटर फार तर पन्नास वॉटचा, प्रसारणाची प्रभावी शक्ती शंभर वॉट, मनोरा तीस मीटरचा. सपाटीवर आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. एफएमची लहर सरळ जाते, कड्याला वळसा घालत नाही. राहुड घाटाच्या एका अंगाला लागणारं केंद्र दुसऱ्या अंगाला खरखर होऊन बसतं. धोडपच्या सावलीतल्या पाड्यावर काही लागलं तर नशीब. समाज कोणता हे परवान्याच्या अर्जात लिहितात, पण तो ठरवतो सह्याद्री. देवीच्या कथेत मात्र मार्कंड्या आणि सप्तशृंग समोरासमोर आहेत, मध्ये फक्त दरी. कथा रचणाऱ्याला लहरींचं शास्त्र माहीत नव्हतं, पण नजरेच्या टप्प्यातलंच ऐकू येतं हे ठाऊक असावं.

नाशिकमध्ये रेडिओ विश्वास हे ९०.८ मेगाहर्ट्झवरचं केंद्र विश्वास ध्यान प्रबोधिनी आणि संशोधन संस्था चालवते. २०२० च्या जूनमध्ये शाळा बंद असताना त्यांनी तिसरी ते दहावीसाठी ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम सुरू केला. दीडशेच्या आसपास शिक्षकांनी स्टुडिओत येऊन पाठ ध्वनिमुद्रित केले, मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत असे. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता अशा जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी हे होतं. इगतपुरी तालुक्यात मुलांना एफएम संच वाटले गेले, राज्यातल्या इतर काही कम्युनिटी रेडिओंनी तेच पाठ आपल्याकडून लावले. २०२३ मध्ये या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. तरीही १९५६ चा अहवाल वाचलेल्या माणसाला एक प्रश्न पडेल: संध्याकाळी मुलांची शंका कोणत्या वाटेने परत आली? संकटात आधी पाठ पोचवणं महत्त्वाचं असतं, हे मान्य. पण आपल्याकडे संकट सरल्यावरही पाठच पोचत राहतो.

माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट वेगळ्या बाजूने सुरू होते. चेतना गाला सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेने २००८ मध्ये ९०.४ वर ‘माणदेशी तरंग’ सुरू केलं. पुढे २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. चाऱ्यासाठी सोनं गहाण टाकायची वेळ आलेली केराबाई पुढे याच रेडिओवर बोलू आणि गाऊ लागली. तिचं गाणं ऐकणाऱ्याला दुष्काळाची माहिती मिळते का? थोडीच. मिळते ती खात्री, की आपल्यासारखा आवाज तिकडे पोचू शकतो. तेलंगणातल्या माचनूरला १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झालेलं संघम रेडिओ याहून पुढे गेलं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बाया ते चालवतात. जनरल नरसम्मा आणि आल्गोले नरसम्मा ही तिथली दोन प्रसिद्ध नावं. परवाना मिळण्याआधी या बाया वर्षानुवर्षं नुसत्या फिती ध्वनिमुद्रित करून गावोगावच्या बैठकांत वाजवत होत्या. म्हणजे आकाश बंद असतानाही ऐकण्याची व्यवस्था त्यांनी आधी लावून घेतली होती. ज्या कानांसाठी गौतमाने धातू वितळवला, त्याच कानांच्या वारसदार हेडफोन लावून ध्वनीची पातळी तपासतात. याला प्रगती म्हणावं की सूड, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

धर्म आणि रेडिओ यांचा थेट संबंध येतो तिथे सरकारी नियम सावध आहेत. धार्मिक कार्यक्रमांत लोकांच्या श्रद्धेचा गैरफायदा घेऊ नये आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का लावू नये, एवढी काळजी केंद्राने घ्यायची. प्रत्यक्षात पहाटेची भजनं, नवरात्रात आरत्या, मग शासकीय योजनांची माहिती, असा दिवस भरून काढणारी केंद्रं आहेतच. भजनाला विरोध कशाला करावा? फक्त एवढं आठवावं की रेडिओला बंद करायचं बटण आहे, आणि त्यामुळे तो देवळावरच्या भोंग्यापेक्षा जास्त धार्मिक आहे. भोंगे लावून दुसऱ्याची शांतता मोडायला कोणताही धर्म सांगत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात म्हटलं. ज्याला कान मिटता येत नाहीत त्याच्यावर आवाज पडतो. त्याला श्रवण कसं म्हणणार?

आणि प्रत्येक पवित्र आवाज आकाशात सोडायचाच असतो असंही नाही. कळवण, सुरगाणा, बागलाणात मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल डोंगऱ्यादेवाचा उत्सव मांडतात. व्रत धरलेले माउल्या दिवसेंदिवस पावरीच्या सुरावर नाचतात आणि पौर्णिमेला डोंगरातल्या देवाच्या गुहेपाशी जातात. काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवून, तिच्यावरून बोटं ओढत घुमणाऱ्या सुरात कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा रात्रभर सांगितली जाते. रेडिओवाला तिथे मायक्रोफोन घेऊन गेला तर काय नोंदवायचं? कथा अर्ध्या तासाची करता येते, पण मग ती रात्रभर जागवलेली कथा राहत नाही. काही गोष्टी गुहेपाशीच म्हणायच्या असतात आणि भगत त्या नोंदवू देणार नाही. त्याचं ‘नको’ ऐकणं हेही केंद्राचं काम आहे. ज्यांचा आवाज शतकानुशतकं कुणी ऐकला नाही त्यांना आता सगळं मोठ्याने सांगा म्हणून घाई करणं, ही त्याच उद्दामपणाची नवी तऱ्हा.

चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे आणि अहिल्याबाईंचं नाव गावात आजही घरच्या माणसासारखं घेतात. जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरचं पुस्तक १८२३ मध्ये छापलं तेव्हा बाईंना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. तरी माळव्यात त्याला जे सांगितलं गेलं त्यात एक गोष्ट ठळक होती. ही बाई पडद्यात न बसता उघड्या दरबारात रोज बसायची आणि तक्रारी स्वतः ऐकायची. घाट बांधले, विहिरी खणल्या, देवळं उभी केली, हे सगळं लोक सांगतातच. माल्कमला महत्त्वाचं वाटलं ते तिचं रोज ऐकायला बसणं. तो शत्रूपक्षाचा अधिकारी होता, त्याला कौतुक करण्याची गरज नव्हती. पुण्यकर्मांच्या यादीत विहीर आणि अन्नछत्र सहज बसतात, रोज काही तास गप्प बसून दुसऱ्याचं म्हणणं कानी घेणं बसत नाही. त्याची पाटी लावता येत नाही.

म्हणून कम्युनिटी रेडिओबद्दल नेहमी बोललं जातं ते अर्धंच बरोबर आहे. बेआवाजांना आवाज दिला, असं म्हणतात. चांदवडच्या कांद्याच्या लिलावात पाच मिनिटं उभं राहिलं तर कळेल की आवाजाची कमतरता इथे कधीच नव्हती. कमी आहे तो पलीकडे बसलेला कान. पन्नास वॉटच्या ट्रान्समीटरला मनोरा लागतो, परवाना लागतो, वीज लागते. पण तालुक्याचा अधिकारी, डॉक्टर, बाजार समितीचा माणूस आठवड्यातून एक तास स्टुडिओत येऊन न बोलता बसतील, ही अट कुठल्याही अर्जात नाही. १९५६ मध्ये ती पुणे केंद्राने स्वतःवर घालून घेतली होती आणि टपालाच्या तिकिटांवर निभावली होती.

इथे कायदाच मध्ये येतो. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी देता येत नाहीत, राजकीय स्वरूपाचं काही लावता येत नाही. मे महिन्यात डोंगरालगतच्या वाडीतली बाई मायक्रोफोनसमोर येऊन बसली, समजा. टँकर उद्या अकराला येईल, हे तिने सांगितलं तर ती सूचना झाली, खुशाल लावा. टँकर चार दिवस का आला नाही, हे तिने विचारलं तर केंद्राचा चालक घड्याळाकडे बघतो, कारण ही चालू घडामोड तर ठरणार नाही ना? खाली जाणारं वाक्य निर्धोक, वर जाणारं वाक्य संशयास्पद. ती विचारते ते राजकारण नसतं. आठ दिवसांनी घरात पाहुणे येणार आहेत, हंडे किती भरून ठेवायचे एवढंच तिला ठरवायचं असतं.